पिशवी गेली, थकवा कुठे गेला?

चळवळीच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांतून फिरताना आणि कोर्टाच्या आवारात पक्षकार बायांशी बोलताना एक वाक्य आमच्या कानावर सतत येते. "ताई, अंगात ताकदच राहिली नाही." बोलणारी बाई पस्तीशीची असते, कधी कधी तिशीचीही. रात्री थकून झोपते आणि सकाळी थकलेलीच उठते. तिला मिळणारी उत्तरेही ठरलेली आहेत. नवरा म्हणतो, काम नको म्हणून सोंग करते. सासू म्हणते, आम्ही नाही का केली कामे? मुकादम खाडा लावतो. गावातला डॉक्टर 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईनची बाटली लावतो आणि पैसे घेतो. तालुक्याच्या गावचा डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. या पाचांपैकी एकानेही, ही बाई थकते का, हा साधा प्रश्न विचारलेला नसतो!

राबणाऱ्या माणसाला आळशी ठरवणे ही या देशातली फार जुनी खोड आहे. ज्यांनी आयुष्यात कधी डोक्यावर मोळी घेतली नाही, त्यांनीच कामचुकारपणाची व्याख्या केली. तथागतांनी मात्र येथे फरक केला आहे. पंच नीवरणांतील थीनमिद्ध, म्हणजे मनाची सुस्ती, ही झटकून टाकायची गोष्ट. शरीराचा शीण निराळा. दीघनिकायातील संगीतिसुत्तात खुद्द तथागत पाठ दुखत असल्याचे सांगून आडवे होतात आणि भिक्खूंना धम्म सांगण्याचे काम सारिपुत्तांवर सोपवतात. आमच्या वस्तीतल्या बाईला तेवढीही मुभा नाही.

हा थकवा येतो कुठून? उत्तराचा मोठा भाग रक्तात आहे. आपल्या शरीरातील काही ग्रंथी अत्यल्प प्रमाणात रसायने तयार करून थेट रक्तात सोडतात. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांना संप्रेरके म्हणतात. दवाखान्यात सगळे हार्मोन्सच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. भूक, झोप, पाळी, हाडांची मजबुती, रक्तातली साखर आणि कामाची उमेद, या सगळ्यांवर त्यांचा हुकूम चालतो. 'हार्मोन्सचा खेळ' असे म्हणून बाईचे बोलणे हसण्यावारी नेणारे पुष्कळ शिकलेले लोक आम्ही पाहिले आहेत. तो खेळ नाही, मोजता येणारी गोष्ट आहे. रक्ताच्या एका नळीत ती मोजता येते.

थायरॉईडचेच पाहा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शरीराच्या चुलीत जाळ किती ठेवायचा हे ती ठरवते. तिचा हार्मोन कमी पडला की जाळ मंद होतो. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही असे वाटते, पण वजन मात्र वाढते. इतरांना उकडत असताना हिला थंडी वाजते. कातडी कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठता होते, आवाज जड होतो, डोके चालेनासे होते. आणि सर्वांत आधी येतो तो थकवा. हा आजार पुरुषांनाही होतो, पण बायकांत त्याचे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

तपासणीत 'टीएसएच' नावाचा आकडा येतो, त्याचा लोकांना फार घोळ होतो. टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉईडला 'काम कर' म्हणून जो हुकूम सोडते, तो टीएसएच. आमच्या ऊसतोड भगिनींना हे लगेच समजेल. टीएसएच म्हणजे मुकादमाचे ओरडणे! थायरॉईड नीट काम करत असेल तर ओरडण्याची गरज पडत नाही. ती थकली की ओरडणे वाढते. म्हणून रिपोर्टवर टीएसएच वाढलेला दिसला तर सहसा थायरॉईड कमी पडते आहे असा त्याचा अर्थ होतो. उपचार म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक स्वस्त गोळी. गोळीनंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यायचा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यासोबत घ्यायच्या नाहीत, चार तासांचे अंतर ठेवायचे. नाहीतर गोळी पोटात जाऊनही रक्तात पोचत नाही. हे सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढी दोन मिनिटे आमच्या बायांच्या वाट्याला येत नाहीत. सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी आणि थायरॉईडची गोळी एकाच घोटाबरोबर घेणाऱ्या आणि 'गुणच येत नाही' म्हणून दोन्ही सोडून देणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत.

शासनाला हा विषय अनोळखी आहे असेही नाही. आयोडीन नसेल तर थायरॉईडला आपला हार्मोन बनवता येत नाही, हे ओळखून राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी २००० मध्ये केंद्र सरकारने उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू केली. म्हणजे गरिबाच्या घरातल्या मिठापर्यंत कायदा पोचू शकतो. मग तिच्या रक्ताच्या तपासणीपर्यंत तो का पोचत नाही?

आता मूळ मुद्दा. थायरॉईड कमी पडली की थकवा येतो, तशीच पाळीही बिघडते. पुष्कळ बायांना अंगावरून जास्त जाते, दिवस लांबतात. जास्त रक्त गेले की हिमोग्लोबिन उतरते, आणि थकवा दुप्पट होतो. रक्तक्षय हा काही हार्मोनचा आजार नव्हे, पण थकव्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आता अशी बाई डॉक्टरकडे जाते तेव्हा काय सांगते? थकवा आणि जास्त जाणे. या दोन तक्रारींवर पहिल्यांदा कशाची तपासणी व्हायला हवी? हिमोग्लोबिनची, लक्षणे तशी असतील तर थायरॉईडची, आणि मग सोनोग्राफीची. प्रत्यक्षात काय होते? सोनोग्राफी होते, पडद्यावर काहीतरी दाखवले जाते आणि पिशवी काढायची तारीख मिळते. गर्भाशयाच्या गाठी, कॅन्सर यांसारख्या आजारांत ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तिच्या विरोधात आम्ही नाही. तपासणीच्या आधी चाकू येतो, याला आमचा विरोध आहे.

बीड जिल्ह्याचे आकडे सर्वांसमोर आहेत. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, तीन वर्षांत बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्हींचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही.

हे घडते ते ऊसतोडीच्या अर्थकारणामुळे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे पाच-सहा महिने ती फेडत राहायची. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. अशा बाईला कोणी सांगितले की पिशवी काढली की पाळीची कटकट संपेल, खाडा पडणार नाही आणि अशक्तपणाही जाईल, तर ती 'हो' म्हणते. त्या 'हो'ला स्वखुशीची संमती म्हणणारे वकीलही आम्हाला भेटले आहेत. उचलीच्या ओझ्याखाली दिलेली संमती किती स्वखुशीची असते, हे ज्यांच्या बापजाद्यांनी वेठबिगारी केली त्यांना समजावून सांगावे लागत नाही. या टोळ्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा, भिल्ल आहेत, गरीब मराठेही आहेत.

पिशवी काढल्यानंतर थकवा जातो का? जास्त रक्त जाणे हेच थकव्याचे कारण असेल तर काही जणींना आराम पडतो, हे मान्य केले पाहिजे. पण पिशवीबरोबर दोन्ही बाजूंचे बीजांडकोशही काढले गेले, तर त्या बाईच्या शरीरात काय घडते ते ऐका. इस्ट्रोजेन हा हार्मोन प्रामुख्याने बीजांडकोशातून येतो. नैसर्गिकरीत्या पाळी जाते तेव्हा तो हळूहळू, काही वर्षांत कमी होतो; शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. बीजांडकोश कापून काढले की तो एका रात्रीत खाली येतो. तिशीतली बाई टेबलावरून उतरते ती पन्नाशीची होऊन! अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने चोळी भिजते, झोप तुटते, सांधे दुखतात, चिडचिड होते. पुढे हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश जागेवर ठेवले तरी पिशवी काढलेल्या बायांत ते काही वर्षे लवकर निकामी होण्याची शक्यता जास्त असते. ज्या बाईला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आहे, तिच्या हाडांतला कस काढून घेतल्यावर तिच्या अंगात ताकद कुठून येणार?

दोन्ही बीजांडकोश लहान वयात काढावेच लागले, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोनचे औषध घेण्याचा सल्ला साधारणपणे दिला जातो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असे काही असेल तर देत नाहीत, तो निर्णय डॉक्टरने घ्यायचा. पण असा काही सल्ला असतो, हेच मुळात आमच्याकडे आलेल्या एकाही बाईला कोणी सांगितलेले नव्हते. एकीच्या कागदावर तर काय काय काढले याचीच नोंद नव्हती. पिशवी काढली एवढेच तिला ठाऊक. आपले बीजांडकोश आहेत की गेले, हे त्या चौतीस वर्षांच्या बाईला माहीत नाही, आणि तिच्या थकव्याचे निदान मात्र गावातले डॉक्टर सलाईन लावून करत आहेत.

ऊसतोडीच्या फडाबाहेरही हेच चित्र आहे. शरीरात एक घड्याळ आहे. कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन पहाटे वाढू लागतो, उठण्याच्या सुमारास तो भरात असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. मेलाटोनिन अंधारात स्रवतो आणि झोप आणतो. पहाटे चारला फडात जाणारी आणि रात्री ट्रक आला की पुन्हा भरणीला उठणारी बाई, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पहाटे झाडू घेऊन निघणारा सफाई कामगार, पाळ्या बदलत राहणारी नर्स, या सर्वांचे हे घड्याळ कोणीतरी दुसराच फिरवत असतो. कामाच्या तासांचा प्रश्न हा शरीराचा प्रश्न आहे. बाबासाहेब मजूर सदस्य असताना फॅक्टरी कायद्यात १९४६ साली दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. साखर कारखान्याच्या आतल्या कामगाराला त्याचा लाभ झाला. कारखान्यासाठी ऊस तोडणारी बाई मात्र फाटकाबाहेरच राहिली, कारण ती कागदावर कारखान्याची कामगारच नाही, मुकादमाच्या टोळीतला अर्धा कोयता आहे.

मधुमेहाविषयी थोडक्यात. तोही हार्मोनचाच आजार. इन्शुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला की साखर रक्तात फिरते, पण पेशीत शिरत नाही. घरात धान्याचे पोते आहे आणि चुलीवर काही नाही, अशी अवस्था. बाबासाहेबांनी अखेरची वर्षे हा आजार अंगावर घेऊन, इन्शुलिन टोचून घेत काम केले. सतत तहान, वारंवार लघवी आणि थकवा असेल तर साखर तपासून घ्या.

आणि दुसऱ्या बाजूला बाजार आहे. 'हार्मोन बॅलन्स' करणाऱ्या पावडरी, ताकदीची इंजेक्शने, बाबांचे काढे. मोबाईलवर तर 'अॅड्रिनल थकवा' नावाच्या आजारावर गोळ्या विकणारे रोज दिसतात. वैद्यकशास्त्र या नावाचा आजार मानत नाही. अॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार वेगळा आहे, दुर्मीळ आहे, जीवघेणा आहे. टीबीमुळेही तो होतो आणि त्याचे औषध पावडरीच्या डब्यात नसते. ताईताच्या नादी लागू नका असे सांगणारे आमचेच काही कार्यकर्ते या डब्यांचे एजंट झाले आहेत, हे पाहून काय बोलावे?

आपल्या संघटनांबद्दलही बोलणे भाग आहे. मोर्च्याला बाया सर्वांत पुढे, सभेनंतर भांडी घासायलाही त्याच. एखादी बैठकीला आली नाही तर 'हल्ली चळवळीत पूर्वीसारखा जोश राहिला नाही' असा शेरा पुरुष कार्यकर्ते मारतात. जोश कुठून आणायचा? तिचे हिमोग्लोबिन आठ आहे. जयंतीच्या मंडपात डीजेवर खर्च होणाऱ्या पैशात अख्ख्या वस्तीतील बायांचे हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच तपासून होईल. काही मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, ती जरूर घ्यावीत. पण ज्यांच्या अंगात रक्त नाही त्यांच्यासाठीही एक टेबल तिथे लावावे.

कायदा काय सांगतो? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. रुग्ण स्त्रीने केवळ दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने स्पष्ट केले की, सज्ञान स्त्रीच्या वतीने, जिवाला तातडीचा धोका नसताना, नातेवाईकाची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय आणि धोके रुग्णाला सांगितले पाहिजेत. आता आम्ही विचारतो, 'तुझे बीजांडकोश गेले तर तुला काय काय होईल' हे ज्या बाईला सांगितलेच नाही, तिचा अंगठा संमती कशी ठरतो?

दुसरा निकाल ५ एप्रिल २०२३ चा, डॉ. नरेंद्र गुप्ता विरुद्ध भारत सरकार. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांवरून ही याचिका २०१३ साली दाखल झाली होती. बळी पडलेल्या स्त्रियांमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातील स्त्रिया मोठ्या संख्येने असल्याचे न्यायालयासमोर आले. केंद्राने २०२२ मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश झाला. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समितीची तरतूद आहे. बीडमध्ये तर २०१९ पासूनच खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले गेले. आमची मागणी एवढीच आहे की, परवानगीच्या त्या अर्जासोबत हिमोग्लोबिनचा आणि टीएसएचचा रिपोर्ट जोडलेला असावा, औषधोपचार किती महिने करून पाहिले ते लिहिलेले असावे, आणि बीजांडकोश काढणार असल्यास त्याचे कारण वेगळे नोंदवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने मोफत करावी अशी तरतूद आहे. ऊसतोड कामगार त्या वर्गात येतात की नाही, यावर आपल्या संघटनांनी आताच भांडायला हवे. उशीर झाला तर कारखानदारांचे वकील त्याचे उत्तर आधी देऊन ठेवतील.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्या भगिनींसाठी काम वेगळे आहे. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरने ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे दिली पाहिजेत, आणि ती तीन वर्षे जपून ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून तीन वर्षे उलटायच्या आत अर्ज करा. साध्या कागदावर नाव, दाखल झाल्याची तारीख आणि 'शस्त्रक्रियेची टिपणे, डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट व संमतीपत्र यांच्या प्रती मिळाव्यात' एवढे लिहा. दुसऱ्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. कागद हाती आले की त्यात दोन्ही बीजांडकोशांचा उल्लेख शोधा, आणि तो कागद घेऊन आधी जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, वकिलाकडे त्यानंतर.